बहरीची बाजू

कापसाची शेवटची वेचणी झाली त्या आठवड्यात बदावीनं आपल्या हातानं आपलं अर्धं घर पाडलं.

पाडलं ते हौसेनं नाही. मागची भिंत तीन वर्षं फुगत चालली होती. भातखाचरांचं पाणी जमिनीतून वर चढायचं, मातीच्या विटा कंबरेपर्यंत ओल धरायच्या आणि हात लावला की भिंतीचा पापुद्रा तळव्याला चिकटून यायचा. उन्हाळ्यात लमलूमसाहेब येऊन भिंत ठोकून गेले होते. कफ्र दहमूशच्या ग्रामकचेरीतले हे इंजिनिअर. बावीस वर्षं गावातल्या प्रत्येक घराचा कागद त्यांच्याच टेबलावरून गेला होता. ते म्हणाले, "बदावी, हिवाळ्यातल्या पावसाच्या आत मागच्या दोन्ही खोल्या उतरव आणि अर्ज टाक. पंधरा दिवसांत परवाना देतो. जुन्या घराच्या जागी नवं घर, त्यात अडायचंय काय?"

बदावीनं खोल्या उतरवल्या. वीटभट्टीच्या धुरानं त्याची छाती गेलेली, दहा टोपल्या टाकल्या की खोकत बसायचा. मग टोपली त्याची बायको अतियात उचलायची. सून साबरीनला सहावा महिना होता, तरी ती निवडून निवडून धड विटा बाजूला रचायची. मुलगा हमदान लांब वाळवंटात दगडाच्या खाणीवर कामाला. फोनवर त्याचा एकच प्रश्न असायचा, "परवाना आला का?"

परवाना यायच्या आधी हुकूम आला. यापुढे कुठल्याही बांधकामाचा अर्ज ग्रामकचेरीनं तपासायचा नाही. अर्ज तालुक्याच्या संगणक केंद्रात द्यायचा, तिथून तो प्रांताच्या शहरात विद्यापीठाकडे जाणार आणि तिथले इंजिनिअर तो तपासणार. का, तर गावोगाव ओळखीपाळखीवर इमले उठतात, शेतंच्या शेतं सिमेंटखाली जातात. हे काही खोटं नव्हतं. शेजारच्या दोन गावांत तर भर शेतात चार मजले उभे राहिले होते. पण ताप एकाला आणि गोळी सगळ्या गल्लीला, असला हा प्रकार. अतियातच्या मागच्या दोन खोल्या तेव्हा जमिनीवर विटांच्या ढिगात पडल्या होत्या, आणि पुढची खोली मागचा आधार गेल्यामुळं उघडी पडली होती.

दोघं तालुक्याला गेले. केंद्रात काचेमागे एक मुलगी बसली होती. जुनं खरेदीखत यंत्रात घालून तिनं त्याचा फोटो काढला आणि चतुःसीमा विचारायला लागली.

"बहरीला काय?"

बदावीनं घसा साफ केला. खरेदीखत त्याला आजोबांपासून तोंडपाठ. "बहरीला पुलाची वाट."

"किबलीला?"

"उस्मान गब्रचं घर."

मुलगी टकटक करत गेली. बदावी न अडखळता सांगत गेला आणि बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला, "बघितलंस? एक शब्द इकडचा तिकडं न्हाई झाला."

चोवीस दिवसांनी उत्तर आलं. साबरीनला वाचता यायचं. अंगणात उभी राहून तिनं फोनवर वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं.

"काय म्हणत्यात?" अतियातनं विचारलं.

"आत्या, म्हणत्यात अर्ज नामंजूर. जागा शेतजमीन हाय. हितं बरसीम पेरल्याली दिसतीय."

"कुठं?"

"हितं."

अतियातनं उंबऱ्यात उभं राहून चुलीकडे बघितलं, दोरीवरच्या धुण्याकडे बघितलं, मग बदावीकडे. बदावी खोकायला लागला. त्याला खोकायला काहीतरी निमित्त लागायचंच.

*

दुसऱ्या दिवशी अतियात एकटीच ग्रामकचेरीत गेली. बरसीमचा भारा आधी म्हशीपुढे टाकला, ओढणीला चिकटलेली पानं तशीच. लमलूमसाहेबांनी साबरीनच्या फोनवरचा नकाशा बघितला, खालून बघितला, वरून बघितला. मग फोन आडवा केला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बदावीनं बहरीला काय सांगितलं?"

"पुलाची वाट. खरी तीच हाय की."

"खरी आहे. आपल्या गावात खरी आहे."

बहरी म्हणजे समुद्राची बाजू. सगळ्या देशात ती उत्तरेला, आणि तिच्या समोरची किबली दक्षिणेला. नदी तिकडे जाते, कालवे तिकडे जातात. पण कफ्र दहमूशला कालवा गावाशी येऊन उजवीकडे वळतो आणि दोन कोस उगवतीकडे वाहतो. गावाच्या लेखी पाणी जातं ती बहरी. सूर्य बहरीकडून उगवतो असं इथली म्हातारी माणसं बिनदिक्कत म्हणतात, आणि परगावची सोयरी हसतात. खरेदीखतंही सगळी त्याच हिशेबानं लिहिलेली. शहरातल्यांनी पुलाची वाट उत्तरेला धरली. वाट जिथं संपते त्याच्या खाली घर शोधलं. तिथं उस्मान गब्रच्या भावकीची बरसीम डोलत होती.

"मग सांगा की त्यास्नी," अतियात म्हणाली. "तुमी आजपतोर कसं करत व्हता?"

"मी कागद फिरवत होतो, बाई. गावचा कागद आला की पाव फेरी फिरवायचा. माझ्या आधीच्या साहेबांनी जुन्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं बाण काढून ठेवलाय, गावची बहरी म्हणून. यंत्रातल्या फोटोत तांबडं उठत नाही."

आतल्या खोलीत कचेरीचे प्रमुख हाज तम्माम बसले होते. त्यांच्यापुढे असल्याच परत आलेल्या अर्जांची चळत होती. गेले बेचाळीस अर्ज, त्यातले एकोणीस परत. तेरा कुटुंबांची घरं शेतात, एकाचं थेट कालव्यात. कालव्यातला माणूस सकाळीच येऊन विचारून गेला होता की आता होडीचा परवाना काढू का.

हाज तम्माम त्या दिवशी वर पत्र लिहीत होते. एकेक वाक्य ते मोठ्यानं बोलून बघत. "आमच्याकडील तपासणी काढून घेतली याबद्दल आमची तक्रार नाही."

"आहे," लमलूमसाहेब म्हणाले.

"आहे, पण लिहायची नसते. पुढं ऐका. परंतु अर्ज मंजूर किंवा नामंजूर करण्यापूर्वी ग्रामकचेरीचे मत घ्यावे. गावातील दिशा, पाणी व माती यांची माहिती दूर बसून होत नाही. लोकांनी घरे उतरवून ठेवली आहेत. पावसाळा तोंडावर आहे. या काळात कुठे दुर्घटना घडल्यास जबाबदारी कोणाची, हेही कळवावे."

"ते शेवटचं वाक्य आधी घ्या."

"आधी घेतलं तर पुढचं वाचणारच नाहीत."

अतियात दारात उभी राहून ऐकत होती. पत्र चांगलं होतं. साहेब लोक तिच्या बाजूनं बोलत होते. पण सरकारी माणसं सरकारला विनवण्या करताना तिनं आजवर बघितली नव्हती.

त्या पत्राला एका ओळीचं उत्तर आलं. सूचनेची नोंद घेतली आहे. सोबत दुसरा कागद होता. लमलूमसाहेबांनी शहरात दोन दिवसांच्या शिबिराला हजर राहावं, विषय, नकाशावर उत्तर दिशा कशी ओळखावी. साहेब गेले. न जाऊन सांगतात कोणाला. पण परत आले ते एक गोष्ट पदरात पाडून. बदावीच्या अर्जावर फेरतपासणी होणार होती. शहरातून समिती जागेवर येणार होती.

"एक ध्यानात ठेवा," ते अंगणात उभे राहून सांगत होते. "जुन्या घराच्या जागी नवं घर म्हणून परवाना हवा असेल, तर समितीला जुनं घर दिसलं पाहिजे. उभं. आणि त्यात माणसं राहताना दिसली पाहिजेत. नाहीतर ती मोकळी जागा. मोकळ्या जागेला सध्या परवानाच नाही."

"आन् समिती येणार कधी?" बदावीनं विचारलं.

"येईल. तारीख दिली नाही."

*

तेव्हा ती तिघं म्हशीच्या गोठ्यात झोपत होती, आणि ते शहाणपणाचंच होतं. उरलेल्या खोलीची मागची भिंत म्हणजे एके काळची मधली भिंत. ती पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. पण आता माणसं राहताना दिसायला हवी होती. अतियातनं तिघांचीही अंथरुणं उचलली आणि परत खोलीत नेऊन घातली; समिती पहाटे उगवली तर घरात घरचं कोणी कमी दिसायला नको.

थंडीचा कियाक महिना लागला. सकाळी धुकं इतकं दाट की म्हैस कुठं आहे ते तिच्या श्वासावरून कळायचं. अतियात धुक्यात बरसीम कापायला जायची. विळा ओला, मूठ ओली, बोटं वळायची नाहीत. भारा डोक्यावर घेऊन आली की मक्याची भाकरी आणि मडक्यातलं खारं चीज खायची, आणि भिंतीच्या मागं लागायची. भाताचा पेंढा तुडवून माती मळायची, भेगांत भरायची. पावलं मातीत इतकी थंड पडायची की नंतर चुलीशी धरली तरी ऊब आधी घोट्याला कळायची. बदावीनं कालव्याकाठचे दोन खजुराचे ओंडके मागून आणले आणि भिंतीला तिरके टेकू दिले. दुसऱ्या पावसात एक टेकू मातीत रुतला. त्याच्या बुडाशी विटा घातल्या. मग दुसरा रुतला.

"आज येतील," बदावी रोज सकाळी म्हणायचा.

"व्हय, येतील. त्यास्नी दुसरा धंदा न्हाई," अतियात म्हणायची.

शेजारीण नफूसा भाकरीचं सरपण मागायला आली तर खोलीत पाऊलच टाकेना. दारातूनच म्हणाली, "आगं बया, ती भिंत बघितलीस का? पोटुशी पोर आत निजवतीस? जीव वर आलाय का तुजा?"

"कुठं निजवू? तुज्या घरी?"

नफूसानं सरपणाची मोळी उचलली. तिच्या घरी अकरा माणसं होती.

साबरीन आपणहून भिंतीपासून लांब, दाराशी निजायची. अतियात मात्र मुद्दाम भिंतीच्या बाजूला अंथरूण टाकायची. मनात हिशेब साधा होता. पडलीच तर आधी आपल्यावर. पहाटे तिच्या पांघरुणावर मातीचा चुरा पडलेला असायचा. साबरीन उठायच्या आत ती तो झटकून टाकायची. एकदा साबरीननं बघितलंच.

"आत्या, हे काय?"

"धूळ."

"हितं आणि धूळ? बाहेर चिखल हाय."

"मग चिखल म्हण," अतियात म्हणाली आणि केरसुणी घेऊन उठली. तिला भीती वाटत होती. रोज वाटत होती. पण भीती वाटते असं एकदा तोंडानं म्हटलं तर खोली सोडावी लागली असती.

*

समिती आली ती कियाकनंतरच्या तूबा महिन्यातल्या एका गुरुवारी, रात्रभराच्या पावसानंतर. समिती म्हणजे गाडीचा ड्रायव्हर आणि एक तरुण इंजिनिअर बाई, रीहाम. पुलापाशी गाडी रुतली म्हणून ती पुढचं सगळं चालत आली. बूट घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. हातात काचेची पाटी, फोनसारखीच पण मोठी. लमलूमसाहेब तिच्यामागे छत्री धरून येत होते, जरी पाऊस थांबला होता.

रीहाम वाईट नव्हती. आधी तिनं पाटीवर जागा बघितली, मग आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "हे तर सरळ गावात आहे. आमच्याकडून नकाशा चुकला." इतक्या साधेपणानं म्हणाली की बदावीचे डोळे भरून आले. तीन महिने हे एवढं एक वाक्य त्याला कोणाच्या तरी तोंडून हवं होतं.

"बांधकाम उभं आहे. हो." तिनं पाटीवर बोट टेकवलं. "वस्ती आहे?"

"हाय! ही काय अंथरुणं! ह्यो च्या!" अतियातनं चहाचा पेला तिच्या हातात दिलासुद्धा.

"वस्ती आहे. हो." मग रीहाम मागे गेली. टेकूंकडे बघितलं. वाकून भेगेवर हात ठेवला आणि बोटं आत सारली. हात मनगटापर्यंत आत गेला. तिनं तो हळूच बाहेर काढला आणि चिखलाच्या हाताकडे बघत राहिली.

"काकू, ही भिंत सुरक्षित नाही."

"ठावं हाय. म्हणून तर नवी बांधायचीय."

"तसं नाही. मला इथं तिसऱ्या प्रश्नाला नाही लिहावं लागेल. नाही लिहिलं की आजच्या आज घर रिकामं करून उतरवायचा आदेश निघतो. ग्रामकचेरीकडून."

"बरं, उतरवतो. परवाना द्या, उतरवतो."

रीहामनं लमलूमसाहेबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. शेवटी तीच म्हणाली, "परवाना निघायला साठ दिवस लागतात. आणि ज्या दिवशी निघतो त्या दिवशी जुनं बांधकाम उभं असावं लागतं. नसलं तर ती मोकळी जागा धरतात."

अतियातला आधी कळलंच नाही. बदावीला कळलं. तो ओंडक्यावर बसला.

"मंजे उभं ऱ्हाईलं तर पाडा," अतियात सावकाश म्हणाली, "आन् पाडलं तर हितं घर नव्हतंच."

"काकू, नियम मी केला नाही."

"मग लिही की पोरी. धड हाय म्हणून लिही. एक शब्द. साठ दिवस आमी धरून ठेवतो, पाठ लावून धरतो."

"आणि उद्या तुमच्या अंगावर पडली तर?"

"आमच्या पडंल. तुज्या न्हाई."

रीहामनं पाटीवर तिसरा प्रश्न उघडला. अतियात लमलूमसाहेबांकडे वळली. ज्या माणसानं तिच्यासाठी शहराची खेप घातली, फेरतपासणी मिळवली, त्याच्यासमोर तिनं हात जोडावेत तसे पुढे केले. "साहेब, तुमी सांगा हिला. बावीस सालं तुमी भिंती बघता. तुमी म्हणलात तर ती ऐकंल. सांगा, धड हाय म्हणून."

लमलूमसाहेबांनी भिंतीकडे बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती.

"नाही, अतियातबाई. ही भिंत धड नाही. आजवर मी पडत्या भिंतीला उभी म्हटलं नाही. आता माझ्याकडे बांधायचा कागद उरला नाही, तो त्यांनी नेला. पाडायचा तेवढा ठेवलाय. तो मला लिहावा लागेल."

अतियात वळली. आत गेली आणि भिंतीला पाठ लावून आपल्या अंथरुणावर बसली. बदावीनं हाक मारली, साहेबांनी मारली. ती बसून राहिली. तिच्या खांद्यावर चुरा पडत होता, तो सगळ्यांना दिसत होता.

"वस्ती हाय म्हणून लिवलंय न्हवं," ती आतून म्हणाली. "मग ही वस्ती. बसलीय."

साबरीन तेवढा वेळ दारात उभी होती. तिनं चप्पल काढली, एका हातानं पोट सावरलं आणि आत जाऊन सासूशेजारी बसली. अगदी खेटून, पाठ भिंतीला लावून.

"ऊठ," अतियात म्हणाली.

"तुमी उठा, मग मी उठते."

"साबरीन, ऊठ गं!"

"मला बी हितंच ऱ्हायचंय, आत्या."

अतियातनं तिच्याकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं. मग तिनं सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवलं, तशीच धरून दाराबाहेर आणली, आणि बाहेर आल्यावर बदावीला म्हणाली, "कुदळ कुठं हाय?"

यंत्र बोलवलं असतं तर त्यानं दार, खिडकी, वासे सगळंच चिरडलं असतं. म्हणून घर त्यांनी हातानं उतरवलं. आधी चौकट. मग छपराचा पेंढा, मग वासे एकेक. लमलूमसाहेबांनी आदेशाच्या कागदावर सही केली, छत्री कुंपणाला अडकवली आणि बाह्या सारून वाशांचं दुसरं टोक धरलं. रीहामही थोडा वेळ उभी होती. मग ड्रायव्हर बोलवायला आला. जाताना तिनं चहाचा रिकामा पेला कुठं ठेवायचा ते विचारलं. चुलीपाशी, अतियातनं सांगितलं.

भिंतीला कुदळ लागलीसुद्धा नाही. पहिला टेकू काढला आणि ती आपणहून बसली, फारसा आवाज न करता. बदावी म्हणाला, "बघा, किती थकली व्हती." त्यानंतर दिवस मावळेपर्यंत विटा निवडणं चाललं.

*

शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. साबरीन गोठ्यात निजली होती, बदावी विटा रचत होता. अतियातनं खोलीची जमीन झाडून घेतली होती. भिंती गेल्या तरी सारवलेली जमीन होती तिथंच होती. खोलीच्या कोपऱ्यात, जिथं रोज बसायची तिथंच ती चहाची किटली घेऊन बसली होती. ओढणी खांद्यावर, केस मोकळे, घरात असावेत तसे. येणारंजाणारं पुलाच्या वाटेवरून बघत होतं. तिनं कोणाकडे बघितलं नाही.

लमलूमसाहेब वाटेनं आले. खिशात घडी घातलेला कागद. त्यावर काय असणार ते तिला साबरीनच्या फोनवरून आदल्या दिवशीच कळलं होतं. मोकळी जागा. नव्याने अर्ज करू नये. सध्या अशा जागांचे अर्ज घेतले जात नाहीत. साहेबांनी जवळचा रस्ता धरला. जिथं मागची भिंत होती तिथून, चुऱ्याच्या ढिगावरून त्यांनी पाऊल उचललं.

"साहेब."

त्यांनी उचललेला पाय तसाच अधांतरी धरला.

"तिकडनं न्हाई. तिकडं भिंत हाय. दार हिकडनं."

लमलूमसाहेब मागे सरले. ढिगाला वळसा घालून, चिखलातून, उस्मान गब्रच्या भिंतीच्या कडेनं ते पुढच्या बाजूला आले आणि जिथं परवापर्यंत चौकट होती तिथं थांबले. त्यांनी मान खाली घातली. परक्याच्या घरात शिरताना पुरुषानं बायकांना सावरायला वेळ द्यायचा, म्हणून झाकणाऱ्या देवाला मोठ्यानं साद घालतात तशी साद घातली, "या सातिर!"

बदावीच्या हातातली वीट हातातच राहिली.

अतियातनं सावकाश ओढणी डोक्यावर घेतली, केस आत सारले, कपाळापर्यंत नीट ओढून घेतली. साहेब मान खाली घालून वाट बघत उभे होते.

"या साहेब, आत या," ती म्हणाली. "कागद मागनं वाचा."

लमलूमसाहेबांनी चौकटीच्या जागी चपला काढल्या आणि ते आत आले.